भुवयांचा होकार

प्रिय लॉकलन,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने आला आहे, त्यात फार काही शोधू नकोस. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. दचक. मी रागात आहे, आणि राग निवला की मग शहाण्यासारखं लिहू, एवढा धीर माझ्यात उरलेला नाही. उद्या विमान येतंय. त्याबरोबर हे पत्र गेलंच पाहिजे.

आधी बातमी सांगते. रुता नापास झाली. तू तिला ओळखत नाहीस. आपल्या गावच्या म्हाताऱ्या नेई तीराची ही नात तू गेल्यानंतर दुसऱ्या बेटावरून इथे शिकायला आली. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली आणि तिची नर्सिंगची जागा हुकल्यातच जमा आहे. आपल्या दवाखान्यातली म्हातारी नर्स मुलीकडे राहायला गेल्यापासून दाराला कुलूप आहे. नेई तीराच्या पायाची जखम भरत नाही, साखरेमुळे. ती रुताच धुते. औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचून अर्ध्या गावाला गोळ्या कधी घ्यायच्या तेही तीच सांगते. मागे बोटीतून डॉक्टर आला होता, तेव्हा दिवसभर त्याच्या शेजारी उभी राहून तिने दुभाष्याचं काम केलं. जाताना तो गमतीने म्हणाला, “आजी, हिला मी घेऊनच जातो.” नेई तीराने काठी उगारली. “ने की! पण नर्स करून परत आणून दे. मोडकी परत आणलीस तर बघ!”

आणि निकालाच्या कागदावर काय लिहिलंय? उमेदवार बहुतेक साध्या प्रश्नांना निरुत्तर राहिली. रुता आणि निरुत्तर! कागद वाचून मी वर्गातला खडू भिंतीवर फेकून मारला. मग मागून कुणीतरी कुजबुजलं, “टीचरना आज समुद्रात बुडवून काढा रे.”

परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होती, बेटाच्या परिषदेच्या खोलीत. एकीकडे रुता, दुसरीकडे ब्रिस्बेनमधला परीक्षक. तुला भाऊ-बहिणी आहेत का? तू घरात मदत करतेस का? आजाऱ्यांची सेवा करायला आवडतं का? असे प्रश्न. रुताने प्रत्येकाला उत्तर दिलं, जसं इथलं कुठलंही माणूस देईल तसं. तिने भुवया उचलल्या.

तुझा पहिला महिना आठवतो? तू ब्रिस्बेनहून आलेला, मी सुवाहून. दोघंही परक्या बेटावर इंग्रजी शिकवायला आलेले. फरक एवढाच की भुवयांचा होकार मी फिजीतून घेऊनच आले होते. तू वर्गाला विचारलंस, समजलं का? सगळ्या वर्गाने भुवया उचलल्या. तू पुन्हा विचारलंस, त्यांनी पुन्हा उचलल्या. तू लालबुंद होऊन हेडमास्तरांकडे गेलास, “सगळा वर्ग माझी टिंगल करतोय!” ते ताडी पीत बसले होते, हसता हसता ती त्यांच्या नाकातून आली. “अरे बाबा, पोरं हो म्हणतायत तुला. इतके हो तुझ्या आयुष्यात तुला कुणी म्हटले नसतील.” तेव्हापासून गाव तुला ‘हो मास्तर’ म्हणायला लागलं. मनेआबात, गावाच्या सभाघरात, जेवणाच्या पंगतीत म्हातारे तुला मुद्दाम विचारायचे, “मास्तर, आणखी मासा वाढू?” आणि तू भुवया उचलल्यास की सगळे मांड्यांवर थापा मारून हसायचे. शेवटी शेवटी तू फोनवर तुझ्या आईशी बोलतानाही भुवया उचलायचास. तिला त्या दिसत नव्हत्या, पण तुझी सवय सुटत नव्हती.

आणि धक्क्यावरची ती संध्याकाळ. माशांची टोपली माझ्या हातात, तू चिखलात गुडघ्यापर्यंत उभा, खडकावर घसरून हनुवटी कापलेली. “लोसेना, माझ्याशी लग्न करशील?” मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, लॉकलन. भुवया उचलल्या, इतकंच. तुला तेवढं पुरलं होतं. ओरडत गावभर पळालास. माझ्या आईने सुवाहून तुला पांडानच्या पातींचा पंखा विणून पाठवला, कडेला लाल दोरा घालून. मग तू एका अभ्यासक्रमासाठी थोड्या दिवसांकरता म्हणून ब्रिस्बेनला गेलास, आणि ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. त्याबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही. आजही त्यासाठी लिहीत नाहीये.

तू म्हणशील, मग तू पोरीला शिकवलंस काय? शिकवलं! रोज शाळा सुटल्यावर मी परीक्षक होऊन तिच्यासमोर बसत होते. भुवया हलल्या की पट्टी टेबलावर आपटायची. “तोंड उघड! पलीकडचा माणूस परका आहे, त्याला तुझ्या कपाळावरचं वाचता येत नाही.” ती खो खो हसायची, मग नीट, मोठ्याने, वाक्य पूर्ण करून बोलायची. परक्यासमोर कसं बोलायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी परीक्षा मंडळाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की परीक्षकाचा निर्णय अंतिम आहे, शिक्षकांनी ढवळाढवळ करू नये. फिजीच्या बाईने इंग्रजीबद्दल त्यांना काही सांगावं, हेच त्यांना रुचलं नाही. दूरच्या बेटावरच्या पोरीचं आयुष्य ते खुर्चीतून न उठता मोडतात आणि वर सभ्य भाषेत सही करतात.

काल मी रुताला समोर बसवलं आणि विचारलं, “इतकं घोकून घेतलं होतं ना मी? मग तोंड का शिवलंस?” ती मान खाली घालून म्हणाली, “टीचर, ते परके नव्हते. त्यांनी आधी ‘माउरी’ म्हणून मला नमस्कार केला, अगदी आपल्यासारखा. मला वाटलं, हे आपल्यातलेच आहेत. आपल्या मोठ्या माणसासमोर मी कशाला तोंड वर करून बोलू?” मी विचारलं, दिसायला कसे होते? “हनुवटीवर खडकाने कापल्याची खूण होती. मागे भिंतीवर आपल्यासारखाच पंखा होता, लाल दोऱ्याचा.” मी हातातला निकालाचा कागद चुरगळला. तिला वाटलं, मी तिच्यावर चिडले आहे. ती रडायला लागली आणि म्हणाली, “पण टीचर, त्यांना कळलं होतं हो. मी भुवया उचलल्या की तेही उचलत होते.”

म्हणून हे पत्र. तुला तिचं प्रत्येक उत्तर समजलं, प्रत्येक उत्तराला तू उत्तर दिलंस आणि मग कागदावर ‘निरुत्तर’ लिहिलंस. परीक्षेचा नियम फक्त आवाज मोजतो, ठाऊक आहे मला. पण तिला आपलं म्हणून भुवयांनी बोलतं केलंस तू, आणि परकं म्हणून नापासही केलंस तूच. माझ्या बाबतीत जे झालं ते मी गिळलं. हे गिळणार नाही. नर्सिंगची यादी महिनाअखेरीस बंद होते. त्याआधी मंडळाला लिही की उमेदवाराने उत्तरं दिली होती, मला ती समजली होती, तिची परीक्षा पुन्हा घ्या. तुझ्या सहीने लिही. आणि लिहिलंस की मला कळव. ते मात्र शब्दांत. तुझ्या भुवयांवर माझा आता विश्वास नाही.

एके काळी तुझीच असलेली,
लोसेना