दुपारचं दूध

१६ ऑक्टोबर
परत सासरी. दिवाळीला पोर घरात हवी, असा आत्यांचा हट्ट. दादाने सांगलीहून गाडीतून आणून सोडलं. मनू दहिवडीपर्यंत गप झोपली, मग फलटण येईपर्यंत नुसता टाहो. आत्यांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मनूला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. घेऊ देत. सासूबाई आहेत, नात आहे. अभि तिकडं बर्फात ड्यूटीवर, नेटवर्क मिळालं तर फोन. घरात आम्ही दोघी आणि ही टिचभर बाई.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं परत लिहिते, डोकं ठिकाणावर नाही. आधी अंगावर पाजायचं, दोन्ही बाजूंना. भागलं नाही तर वरचं, डब्याचं. वरचं दिलं म्हणजे आई नापास झाली असं नसतं म्हणे. फार गोड बोलतात. मला नापासच वाटतं.

१९ ऑक्टो.
आत्यांना डबा आवडलेला नाही. "ही कसली पावडर गं, रांगोळीगत!" तरी शिकल्या. चमचा सपाट, शीग नाही. माझ्यापेक्षा नीट करतात. कुणी आलं की डबा पिठाच्या पिंपामागं सरकवतात. "उगं कुणाकुणाचं त्वांड धरू?" म्हणजे लाज आहेच.

कारखान्यातून फोन. गाळप सुरू होतंय, १५ नोव्हें.ला लॅबमध्ये हजर व्हा. सीझनल माणसाला कसली लांब रजा. तर ठरलं असं: सकाळ-संध्याकाळ-रात्र माझं, दुपारचं डब्याचं, आत्यांच्या हातून. सवय आतापासूनच. मी जवळ असले की मनू बाटलीला शिवत नाही, म्हणून दुपारी मी माडीवर जायचं आणि खाली यायचं नाही.

२० ऑक्टो.
कसली सवय नि कसलं काय. माडीवर बसून रडणं ऐकलं. कानात बोटं घातली. ब्लाउज भिजला तो भिजलाच. आत्या खालून ओरडल्या, "तू न्हाई यायचं हां!" वैरीण कुठली. आम्ही दोघीही.

२५ ऑक्टो.
जमलं गं बाई! दुपारी रडणं एकदम बंद. जिन्यात कान लावून बसले. चुकचुक पिण्याचा आवाज, आत्यांचं गुणगुणणं. मेल्यासारखी झोपले. उठले तर छातीचा दगड झालेला. मनूला घेतलं, दोन घोट प्यायली आणि तोंड फिरवलं. पोट गच्च. आनंद व्हायला हवा. झाला पण. थोडा.

३० ऑक्टो.
वजन वाढलंय. वजन करायला आलेल्या आशाताई खूश. "वरचं मानवलंय बाळाला."

कुठलं वरचं? डबा उतरेना. बाटली रोज धुऊन पालथी घातलेली असते, पण तिला वास नाही. पावडरच्या दुधाचा एक गोडूस वास असतो, कितीही घासली तरी बुचाला राहतो. या बाटलीला नुसता साबणाचा. लॅबमध्ये जन्म गेलाय, नाक मला फसवत नाही.

आणि लाडू. आईने डिंकाचे लाडू दिलेले, मला दूध यावं म्हणून. तळ दिसायला लागला. मी रोज एकच खाते. अळीवपण संपले.

१ नोव्हें.
आत्यांनी डोक्याला रुमाल बांधलाय. कानात कापूस. "वारं बाधतंय गं अंगाला." बाळंतीण मी का ह्या? मनूला ओव्याची धुरी द्यायची म्हणून शेगडी पेटवली, तर आधी स्वतःच पाय फाकवून तिच्यावर उभ्या राहिल्या, डोळे मिटून. चेहरा उजळलाय त्यांचा. खरंच. गालांवर मांस आलंय. माझे मात्र केस मुठीने गळतायत.

मनूला म्हणाल्या, "उगी शकू, उगी."
"कोण शकू?" मी विचारलं.
"आलं गं त्वांडात."

४ नोव्हें.
झालं तसं लिहिते.

सरळ विचारलं आज. आत्या गवार परतत होत्या. म्हटलं, "दुपारी तिला म्हशीचं पाजता ना? डॉक्टरांनी नको सांगितलंय."
"म्हस कवाच आटलीया. च्याला पिशवीचं दूध येतंय, दिसत न्हाई व्हय तुला?"
"मग काय पाजता? डबा आहे तेवढाच आहे!"

माझा आवाज चढला. तेवढ्यात पाळण्यात मनू उठली आणि रडली. मला पान्हा फुटला, नेहमीसारखा, ब्लाउज भिजला. वैतागून वर बघितलं. समोर आत्या, हातात उलथणं. त्यांच्या चोळीवर दोन्हीकडं तसेच दोन ओले गोल. माझ्या डोळ्यांदेखत मोठे होत गेले.

त्यांनी पदर ओढून घेतला. मी मनूला उचललं. गवार करपून कोळसा झाली.

५ नोव्हें.
आत्या आपणहून बोलल्या. भांडी घासत, माझ्याकडं पाठ करून.

शकू म्हणजे अभिच्या आधीची. मनूएवढीच झाली होती. दुपारी दूध पिऊन झोपली ती उठलीच नाही. हे मला लग्नानंतर कुणी सांगितलं नव्हतं. अभिला तरी माहीत आहे का?
"पोर गेली, दूध ऱ्हायलं की अंगात. सासूनं मोगऱ्याची फुलं बांधली छातीला, दूध जावं म्हून. लय दिस न्हाई गेलं. कुणाचं बी ल्येकरू रडलं की वाहायाचं."
"आता कसं आलं?"
"तुझी ल्येक बाटली घीना. काळीनिळी व्हायाची रडून. गप ऱ्हावी म्हून घेतलं अंगाशी. कोरडंच व्हतं गं. ती वढत ऱ्हायली. मग आलं."
"मला सांगायचं होतं."
"काय सांगू? मलाच भ्या वाटलं." भांडं विसळून ठेवलं. मग हळूच, "पर पोर वळखून पितीया."

ओळखून! कुणाला ओळखून? दिवसभर तेवढंच डोक्यात.

६ नोव्हें.
सांगलीला पळून आले. दादाला काहीतरी कारण सांगितलं. निघताना आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. गाडी सुरू झाली तशी छातीवर दोन्ही हात दाबून खाली बसल्या. आरशात दिसलं मला.

अभिचा फोन. "असं अचानक का गेलीस?" तुझ्या आईला दूध आलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, आईची आठवण आली.

८ नोव्हें. सांगली
मनू माझं घेत नाही. डब्याचंही नाही. पिळून काढलेलं वाटीचमच्याने घोट घोट, त्यातलं निम्मं मानेवर ओघळतं. सकाळी रडते ते बरं. दुपार झाली की रडत नाही. तोंड उघडून दाराकडं बघत राहते. दारात कुणी नसतं. आई म्हणाली, "ही कुणाची वाट बघते गं?"

डॉक्टरबाईंना विचारलं, मैत्रिणीच्या सासूचं म्हणून. म्हणाल्या, होऊ शकतं, बाळ सारखं ओढत राहिलं तर येतं दूध, घाबरू नका, फक्त त्या बाईंची एकदा तपासणी करा. विज्ञान झालं. बरं.
"आणि बाळ आईकडं परत येतं?"
"धीर धरा."
याला काय उत्तर म्हणायचं?

१० नोव्हें.
अभिचा फोन. आत्या तापाने फणफणल्यात, शेजारच्या काकूंनी कळवलं. काखेपर्यंत दुखतंय, हात उचलत नाही, दवाखान्यात जाईनात. "आईला या वयात हे काय झालं गं?" रडवेला झाला होता.

मला माहीत आहे काय झालंय. पहिल्या आठवड्यात माझंही दूध तुंबलं होतं. साडीचा काठ लागला तरी किंचाळायचे. राग आहे, चांगला आहे. पण तो ठणका वैऱ्यालाही नको.

१२ नोव्हें.
परत आले.

आत्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. मी चप्पल बाहेर काढलेली, मनू खांद्यावर झोपलेली, आवाज कसलाच नाही. तरी त्या वळल्याही नाहीत आणि म्हणाल्या, "आलीस व्हय शकू."

परत फिरावं वाटलं. मनू झोपेतच धडपडायला लागली, खालच्या खाली घसरायला लागली. मग ठेवली त्यांच्याशेजारी. मनूने डोळे न उघडता शोधलं आणि लागली प्यायला. यावेळी मी माडीवर गेले नाही. तिथंच बसून सगळं बघितलं. आत्यांच्या डोळ्यांतून धारा. मनूची मूठ उघडून सैल पडलेली. माझ्याजवळ पिताना ती मूठ वळलेली असते.

जळफळाट झाला. लिहून टाकते, कुणाला दाखवायचंय. माझी आहे ती. टाके मला पडलेत.

संध्याकाळी आत्यांना दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी दोनदा वय विचारलं.

१४ नोव्हें.
ताप उतरला. आज स्पष्ट बोलले. सकाळ-रात्र माझी, दुपारी डबा. तुमचं हळूहळू कमी करत बंद.
"व्हय," म्हणाल्या. इतक्या पटकन की मलाच कसंतरी झालं.

दुपारी बाटली मीच दिली. अर्धी घेतली! माझ्याकडून! स्वयंपाकघरात एकटीच नाचले. आत्या अंगणात पदर आवळून बसल्या होत्या, आत आल्याच नाहीत.

रात्री अंगावर घेतलं. प्यायली. पण टक्क डोळ्यांनी माझ्याकडं बघत, परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखी.

१५ नोव्हें. लॅब. जेवणाची सुट्टी.
सकाळी निघताना मनू रडायला लागली. डबा ओट्यावर, बाटली शेजारी, सगळं हाताशी ठेवलेलं. आत्यांनी विचारलं, "डब्याचंच देऊ न्हवं?"
"डब्याचंच," म्हटलं. त्यांनी मान हलवली. रुमाल सोडलाय डोक्याचा, कानात कापूस नाही. नेहमीसारख्या दिसत होत्या.

बाहेर आले, हेल्मेट घातलं, गाडी स्टँडवरून काढली. तोवर रडणं थांबलं. एवढ्या वेळात गॅसवर पाणीसुद्धा कोमट होत नाही.

परत आत जायचं होतं. किल्ली हातात घेऊन उभी राहिले, आणि गेले नाही. उशीर झाला होता असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती पोटभर पीत असेल तर मी काय म्हणून ओढून काढू? आणि काढली, आणि ती माझ्याकडं आलीच नाही तर?

मघापासून ॲप्रनखाली छाती घट्ट झालीय. बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकलं तरी भरतेय. सहाला सुटते. हात धुऊन आधी मनूला घेणार, आत्यांशी नंतर बोलेन. ती तोंड लावते का, बघू.