नावाडीण अजून गुहेतच आहे

आई, काल रविवारचा खेळ मी मध्येच बंद केला आणि तेव्हापासून घरभर फिरतेय. ओटा पुन्हा पुन्हा पुसला, पुस्तकांचं कपाट उपसून लावलं, तरी एका जागी बसवत नाही. तुझ्या नातीने विचारलं, “त्या गुहेत कोण आहे?” आणि मी सगळ्यांना चहाला उठवलं.

ती गुहा तुला आठवेल. सिल्व्हर पार्कचं आपलं स्वयंपाकघर, दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं, मी कॉलेजात. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि कठीण प्रसंगी वाचलो की मेलो ते फाशाने ठरवायचं, असा तो खेळ. वर्गातल्या गुजराती मित्राने नियमांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. तू पोळ्या लाटताना बजावलंस, “फासे माझ्या घरात येणार नाहीत. द्रौपदीचं काय झालं, विसरलात?” सोसायटीच्या हाऊजीची पिशवी आपल्याकडेच असायची, तिच्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या मी वेगळ्या काढल्या. मोठा आकडा आला की वाचलो. “हाऊजी जुगार नाही वाटतं?” मी विचारलं. “ती गणपतीत खेळतात,” तू म्हणालीस. विषय संपला.

गोष्ट मी सांगायचे आणि बाकीचे लगेच तलवारी उपसायचे. एका रविवारी तू ओट्यापाशी उभ्या उभ्या ओरडलीस, “अरे, दिसला राक्षस की मार! आधी विचारा तरी त्याला, जेवलास का?” मित्र म्हणाला, “आंटी, तुम्हीच विचारा ना. आ जाओ.” पिठाच्या हातांनी आलीस ती माहेरच्या खाडीवरची नावाडीण होऊनच बसलीस. भुतांशी तू भाजीवाल्याशी बोलावं तशी हिंदी बोलायचीस. “भैया, रास्ता छोडो, हमको देर होता है.” भुतं रस्ता सोडायची.

मग गुहा आली. आत नाग. सगळे बाहेर थांबले, तू म्हणालीस, “मी एकटी जाते, बोलते त्याच्याशी.” आकडा काढणार तोच कुकरची शिट्टी झाली. “आता पुढच्या रविवारी. मी नसताना काढायचा नाही हं.” त्याच आठवड्यात तू गेलीस.

खेळ मी सोडला नाही. ऑफिसात माझ्यापुढे कुणी आवाज चढवत नाही, आणि तीच मी सुट्टी टाकून, तोंड निळं रंगवून कॉमिक्सच्या मेळ्यात रांग लावते. लोक गीक म्हणतात. म्हणोत. परग्रहावरच्या गोष्टींतही मला तलवारवाला आवडत नाही. समोरच्या प्राण्याशी आधी बोलून बघणारा आवडतो. गोष्टी किती बदलल्या, माणसं किती बदलली, पण ती गुहा मी कुणाला लागू दिली नव्हती. काल त्या खेळाचा जुनाच नकाशा काढला आणि लेक नि तिच्याबरोबर खेळणारी पोरं थेट तिथे पोचली.

चहा झाल्यावर लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, “म्हणजे आजी एवढी वर्षं आत उभी आहे? काहीतरीच काय, आई! पुढच्या रविवारी मी काढते तिचा आकडा.” तिचं बरोबर होतं, मी हो म्हटलं. तेव्हापासून हे फिरणं. लहान आकडा आला तर? माझ्या टेबलावर निघालेला आकडा बदलत नाही. लेकीचं लाडकं पात्र मेलं तेव्हा ती रडून जेवली नव्हती, तरी मी बधले नाही.

म्हणून हे फक्त तुला, आणि तेही कुठे पोचणार नाही म्हणूनच. सोंगटी ती काढेल, वाचून दाखवेन मी. हातात काहीही येऊ दे, मी अठरा म्हणणार आहे.