रेखीला चोपड्याला कुणी धाडलं

रेखीचे पप्पा,

त्या सकाळी मी पाणी भरून आले तर रेखी तुमच्या खाकी शर्टाला इस्तरी करत बसली होती, तांब्यात निखारे घालून. चुलीवर कळण्याची भाकरी, खलबत्त्यात मिरच्या, ओट्यावर तुमच्या आबांचा खोकला. डबा उचलता उचलता तुम्ही म्हणालात, "डोळे पिवळे दिसतात का गं माझे?" मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "झोप झाली नसेल." किती साधी सकाळ होती! धुळ्याच्या एस.टी.वरची तुमची ती शेवटची ड्युटी.

'प्रिय' लिहायला अजून लाज वाटते. तुम्ही असताना मी कधी चिठ्ठी लिहिली नाही. गाडीच्या पाट्या वाचायला लावून तुम्हीच मला अक्षरं शिकवलीत. शिरपूर, नरडाणा, सोनगीर, धुळे. तेव्हापासून पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय चुलीत घातला नाही. आज लिहिते आहे, कारण दुपारी एक गोष्ट ओठांपर्यंत आली आणि मी ती गिळली. ती फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

काविळीनं तुम्ही धुळ्याला दवाखान्यात पडलात, तेव्हा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर होती. भावाला निरोप धाडून मीच रेखीला त्याच्याबरोबर चोपड्याला पाठवलं. बारा वर्षांची पोर, बापाला अशा अवस्थेत बघायला नको. तुम्ही दोनदा म्हणालात, "रेखीला बोलाव." मी म्हटलं, "बरे व्हा, मग आणू." तुम्हीही तिसऱ्यांदा का नाही म्हणालात? का नाही ओरडलात माझ्यावर?

आखाजीच्याच दिवशी तुम्ही गेलात. घरोघरी पितरांच्या घागरी भरून त्यांवर डांगराचं फळ ठेवलं जात होतं, आणि तुमची पोर मामाच्या दारच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणत होती. तेरावं झाल्यावर तिला आणलं. तिच्या हातावर मेंदी पुसटशी उरली होती. आल्या आल्या तिनं खुंटीकडे पाहिलं. शर्ट नव्हता. "आबांसमोर रडू नको, त्यांना बीपीचा त्रास आहे," मी तिला बजावलं. शहाणी पोर! ती रडलीच नाही.

वर्ष होत आलं. ती कापसाच्या खोलीत भिंतीला टेकून बसते. वेणी नाही, शाळा नाही, अर्ध्या भाकरीवर उठते. बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलं. आबा म्हणाले, "आळस शे बठ्ठा." मग एकदा धुणं वाळत घालताना ती मला म्हणाली, "आई, मी नसते तर तुला सोपं गेलं असतं ना?" माझ्या हातातली चादर मातीत पडली. मी तशीच तिच्या शाळेतल्या बाईंकडे गेले. त्यांनी धुळ्याच्या, मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, नाटक नाही. आणि तो बरा होतो. फार दिवस यावं लागणार नाही, आठ बैठका करू. पण एका चुलीवर जेवणारे सगळे या."

आबा चिडले. "मी काय येडा शे का?" पण दर बुधवारी धुतलेली टोपी घालून माझ्या आधी स्टँडवर हजर! खुर्चीवर मात्र बसेनात. "पडनू म्हंजे?" म्हणून खाली बसले. मग डॉक्टरबाईही खाली बसल्या.

आज तिसरी बैठक होती. बाई रेखीला म्हणाल्या, "घरात कोण कसं असतं, तसं सगळ्यांना बसव." तिनं मधोमध एक रिकामं स्टूल ठेवलं. पप्पा. आबांना दाराशी बसवलं. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि स्वतः पडद्यामागे गेली. मी भिंत बघत होते आणि मागून तिचा आवाज आला, "मी झोकावर व्हतू. गानं म्हनत व्हतू. मले का बलावं नही?"

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात आबा म्हणाले, "मीच धाडी तिले. मन्हाच हुकूम व्हता."

खोटं! आबा त्या दिवशी शेतात होते. भिंतीला टेकलेलं माझं कपाळ त्यांना दिसलं असेल. आजवर माझ्याशी चार शब्द धड न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी ते बोलू दिलं.

येताना रेखी गाडीत सगळ्यात मागे एकटी बसली. तुमच्या जागेवर दुसरा ड्रायव्हर होता. दिवेलागणीला आबांनी हाक मारली, "रेखी, पानी दे बेटा." अख्ख्या वर्षात या एका हाकेला ती उठत आली होती. आज उठली नाही. आबा स्वतः माठापाशी गेले, दोनदा भिंत धरली. आणि मी? मी भाकरी थापत राहिले.

मला भीती वाटते हो. ती माझ्याशीही बोलायची बंद झाली तर या घरात माझं कोण? आणि नाही सांगितलं तर तिला तिचे आबाही तुटले. कुठूनही निघायला वाट दिसत नाही. वाटेवर मीच बसले आहे.

तरी वचन देते. उरलेल्या बैठकांना मी भिंतीकडे तोंड करून बसणार नाही. आणि येत्या आखाजीला तुमची घागर रेखीच भरेल. रडत भरली तरी चालेल.

तुमची,
रेखीची आई

ता. क. पाकीट पाठवायचं तरी कुठं, म्हणून हे उघडंच ठेवलं होतं. आज सकाळी पाणी भरून आले. आबा आणि रेखी दोघं ओट्यावर होते. मी हंडा खाली ठेवला आणि रेखीला म्हटलं, "तुला चोपड्याला मी धाडलं. आबांनी नाही. पप्पांनी तुला दोनदा बोलावलं होतं."