निमगावच्या पिसावर लागलेला ट्राउट

तीर्थन खोरे, हिमाचल

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

घटना क्रमाने सांगते. तू निमगावहून, खुराड्यातून वेचून पाठवलेली आपल्या कोंबड्याची तांबडी पिसे मिळाली. माशाला भुलवायला त्यांची नकली माशी मी स्वतः गळावर बांधली. माझा रॉड साधा, स्पिनिंगचा, म्हणजे जड आमिष फेकायचा. त्याने हलकी माशी लांब जात नाही. म्हणून वजनासाठी दोरीला अर्धे पाणी भरलेला प्लास्टिकचा गोळा लावला. शेजारी गळ टाकून उभे असलेले इथले ठाकूरसाहेब हसले, "मॅडम, माशीचा रॉड वेगळा असतो." त्यांची विकतची माशी मी पाहिली होती, गाठच सैल. दुसऱ्याच फेकीला मला हातभर ट्राउट मासा लागला. ते संध्याकाळपर्यंत रिकामेच राहिले.

तेव्हा "लई आरवतोय, जत्रेला कापते त्याला" हे तुझे म्हणणे मागे घे. इतक्या एकसारख्या पिसांचा कोंबडा आळे गावच्या बाजारातही मिळणार नाही. गोरखदादालाही बजाव.

एक गोष्ट खटकली. पाकिटावर अक्षर प्राचीवहिनीचे का? फोनवर तू "मला काय न्हाई झालं" म्हणालीस, ते मला पटलेले नाही. हात अजून थरथरतो का?

कोंबड्याबाबतचा निर्णय मला लेखी हवा. दोनच ओळी चालतील, वाकड्याही चालतील. पण त्या तुझ्याच हातच्या हव्यात.

तुझी,
अश्विनी