अमावास्येची सुट्टी

लासलगाव, ३ डिसेंबर २००७

ती. ललितदादास,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला थांबला का? इथं लाल कांदा खूप येतोय. दिवसभर आम्ही बाया शेठच्या खळ्यावर निवडायला बसतो. भागीबाई टोमणा मारते, मुकादमाची बहीण म्हणून मला सावलीतली जागा मिळते. तिला म्हटलं, जागा घे, पण दादाची बोलणीही तूच खा.

अडचण अशी, अमावास्येला लिलाव बंद असतो म्हणून दर महिन्याला त्याच दिवशी मी नाशिकहून गोळ्या आणते. कुणी काही विचारत नाही. या वेळी अमावास्या रविवारी आली आणि रविवारी गोळ्या मिळत नाहीत. सोमवारी गेलंच पाहिजे. एकही दिवस चुकवू नको, असं तिथल्या दवाखान्यातल्या बाई बजावतात. टोळी तुझी, तेव्हा शेठकडे तूच सुट्टी माग. कारण काहीही सांग. एचआयव्हीचं तेवढं आपल्या दोघांतच राहू दे.

पोरांना पापा.
तुझी सवी

कळवण, ६ डिसेंबर २००७

चि. सविता हिस अनेक आशीर्वाद.

शेठशी फोनवर बोललो. लगेच हो म्हणाले. उगीच घाबरतेस! सोमवारी जेवून निघ, उपाशी गोळ्या घेऊ नकोस. वहिनीनं तुझ्यासाठी नागलीचे पापड ठेवलेत.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा दादा

नाशिक, १२ जानेवारी २००८

ती. दादास नमस्कार.

त्या मंगळवारी खळ्यावर गेले, तर माझ्या जागी दुसरी बाई. माझं बसायचं बारदान भागीबाईनं जाळलं होतं. दिवाणजी लांबूनच म्हणाला, भावानंच सगळं सांगितलंय, आता घरी आराम कर. मला खोटं वाटलं. तेव्हा तो म्हणाला, तुझ्या भावानंच शेठना विनवलं, हिला काढा पण टोळी ठेवा.

म्हणजे जेवून निघ असं लिहिलंस, तेव्हा तू हे करून बसला होतास.

इथल्या द्वारका चौकाजवळ एका घरी स्वयंपाकाला लागले आहे. दवाखाना इथून रिक्षानं जवळ. तरी गोळ्या संपून तीन दिवस झाले. तिथं सकाळीच जावं लागतं आणि सकाळी डबे असतात. सुट्टी मागायची तर मालकीणबाई कारण विचारतील. काय सांगावं सुचत नाही. पूर्वी असं अडलं की तुला विचारायची.

वहिनीचा लोभ असू द्यावा.
सविता