बेचाळीस मुक्या फाइली

४ ऑगस्ट
ऑपरेशन १८ तारखेला. ताईचं स्वरयंत्र काढणार — पूर्ण! डॉक्टर असं सांगत होते, जणू दाढच काढायची आहे. भाऊजी फरशीकडे बघत राहिले. ताईनेच विचारलं, "म्हणजे आता वर्गात सगळं फळ्यावर लिहूनच शिकवायचं?" आणि हसली. घोगरं हसणं.

एक वाट आहे. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, पूर्वीच्या चांगल्या आवाजाचं तीन-चार तासांचं रेकॉर्डिंग असेल तर तोच आवाज यंत्रात बसवता येतो. ताई टाइप करेल, यंत्र तिच्या आवाजात बोलेल. आणि ताईकडे रेकॉर्डिंग आहे! शाळा बंद होती त्या वर्षी तिने मुलांसाठी भूगोलाचे बेचाळीस धडे केले होते, जुन्या कॅमेऱ्यावर. फक्त त्या कॅमेऱ्याच्या फाइली बाईंकडे उघडत नाहीत. त्यांना त्या एमपी-फोर प्रकारात बदलून हव्यात.

"त्यात काय! माझं रोजचंच काम आहे," मी छाती फुगवून म्हणालो.

५ ऑगस्ट
ताईची हार्डडिस्क आमच्या व्हिडिओ-एडिटिंगच्या दुकानात लावली. बेचाळीसच्या बेचाळीस फाइली रांगेत टाकल्या, बटण दाबलं, जेवायला गेलो.

६ ऑगस्ट
झालं सगळं. तपासूनही टाकलं. चौपट वेगाने, आवाज बंद ठेवून — दुकानात आम्ही असंच तपासतो. पार्टनरचे फोन चालू असतात, आणि त्या वेगात आवाज म्हणजे नुसती चिवचिव. चित्र स्वच्छ आलंय. ताई नकाशासमोर, हातात पट्टी, केस अजून काळे.

७ ऑगस्ट
 

देण्याआधी एक धडा नीट ऐकावा म्हटलं. नद्यांचा लावला. ताईचे ओठ हलताहेत, आवाज नाही. स्पीकर वाढवला. आणखी वाढवला. वायर काढून परत लावली. दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ लावला — दणदणीत वाजला! मग ताईचा दुसरा धडा, तिसरा, दहावा. बेचाळीसही मुके.

आधीचं काम कपड्यांच्या दुकानातल्या टीव्हीच्या पडद्यांचं होतं. त्यांना जाहिराती बिनआवाजाच्या हव्या होत्या, म्हणून मी ऑडिओ बंद केला होता. ती सेटिंग तशीच राहिली. आणि त्याच्याच खालची ती खूण — काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाका. ती आमच्याकडे कायमच असते. डिस्क भरते म्हणून मीच करून ठेवलेली. मीच!

८ ऑगस्ट
पुसलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर सकाळपासून चालवलं. नावं सापडली. उघडत एकही नाही. पार्टनर खांद्यामागे उभा होता. "नव्या फाइली त्याच डिस्कवर, जुन्यांच्याच जागेवर लिहिल्या गेल्या रे. आता काही हाती लागत नाही."

थोड्या वेळाने परत म्हणाला, "ताईंना सांग. आजच सांग. आज निदान घोगरा तरी आवाज आहे, तोच रेकॉर्ड करता येईल."

हो म्हणालो.

९ ऑगस्ट
नाही सांगितलं.

११ ऑगस्ट
सांगायचंच म्हणून ताईकडे गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "झाल्या का रे फाइली?"

"होताहेत. वेळ लागतो गं त्याला."

धडधडीत खोटं! तिने माझ्याकडे बघितलं आणि उशीचा अभ्रा माझ्या हातात दिला, घडी घाल म्हणून. तिला कळेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते मला बघवणार नाही. आई गेल्यावर ज्या आवाजाने मला रोज उठवलं, पाढे म्हणून घेतले, तो माझ्या हातून पुसला गेला. घरी येताना पायऱ्यांवर बसलो.

१३ ऑगस्ट
ताईच्या शाळेत जाऊन आलो, गुपचूप. क्लार्क म्हणाले, "ते धडे पालकांच्या फोनवर पाठवले होते. इतकी वर्षं कोण जपून ठेवतंय?" अकरा पालकांना फोन केले. एका बाईंकडे एक तुकडा निघाला. एक मिनिट दहा सेकंद. त्यातही अर्धा वेळ खिडकीबाहेर कुत्रं भुंकतंय.

तरी तो वीसेक वेळा ऐकला.

१४ ऑगस्ट
थेरपिस्ट बाईंचा फोन — "सोळापर्यंत फाइली मिळाल्या पाहिजेत." बरं म्हणून ठेवून दिला. जेवण गेलं नाही. पार्टनर दिवसभर माझ्याशी तुटक बोलला.

१६ ऑगस्ट
आज शेवटची तारीख. बाईंचा फोन आलाच नाही. का नाही आला? फोन येईल म्हणून घाबरलो होतो, आता आला नाही म्हणून जास्त घाबरलोय. वेडाच्या वाटेवर आहे मी.

१७ ऑगस्ट
ताईला दवाखान्यात दाखल केलं. भाऊजी औषधं आणायला गेले तेव्हा आम्ही दोघंच होतो. वाक्य जुळवून गेलो होतो.

तिने माझा हात धरला. "काही सांगायचंय का तुला?"

"नाही गं. असंच. तू काळजी करू नकोस."

"बघ. अजून वेळ आहे," ती म्हणाली. भेटीची वेळ संपायला दहा मिनिटं होती. ती दहाही मिनिटं मी सलाइनच्या बाटलीकडे बघत काढली. भित्रा! दुसरा शब्द नाही.

१८ ऑगस्ट
साडेसहा तास लागले. ताई सुखरूप आहे. भाऊजी माझ्या गळ्यात पडून रडले.

२० ऑगस्ट
भाचीने जिन्यात गाठून सांगितलं. पार्टनरने आठ तारखेलाच ताईला फोन केला होता. त्यानंतर रोज दुपारी ताई वाचून दाखवायची आणि भाची रेकॉर्ड करायची. पंधरा तारखेला सगळं थेरपिस्ट बाईंकडे पोचतं झालं. घोगरा आहे, पण चालेल म्हणाल्या.

आत गेलो. ताईने पाटी मागवली आणि लिहून माझ्यापुढे धरली: "माझ्या आवाजात तुला एकदा रागवायचं होतं. रोज वाट पाहिली."