वीस वजा आठ अधिक पाच

सोमवार, ३ मार्च

शाळेची भिंत रंगवायला मिळाली! मैदानाकडची, बावीस फूट लांब. सर या महिन्यात निवृत्त होतायत. सर म्हणजे आमचे गणिताचे सर – आता मुख्याध्यापक. जायच्या आधी ती भिंत त्यांना गणिताची करून हवी आहे. ‘तुझ्याशिवाय कुणाला सांगू?’ म्हणाले. बरं वाटलं. माझं अक्षर पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. सहावीत असताना रोजचा सुविचार फळ्यावर मीच लिहायचा, असं ठरवून टाकलं होतं त्यांनी. त्या खडूवरच आजचं माझं पोट चाललंय.

जुना रंग खरवडण्यात दिवस गेला. पोपडे, शेवाळ, आणि बदामात कोरलेली कुणाकुणाची नावं.

बुधवार, ५ मार्च

पुट्टी वाळली. घासून पांढऱ्याचे दोन हात दिले.

सरांनी वहीच्या पानावर मजकूर दिला. मधोमध मोठ्ठं – कंचेभागुबेव. खाली त्याची फोड: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. म्हणजे गणितात आधी काय करायचं आणि मग काय, तो क्रम. (त्यातलं ‘चे’ मला अजून धड कळलेलं नाही, पण रंगवायला कळावं लागत नाही.) आणि सगळ्यात खाली एक उदाहरण. २० − ८ + ५ = ७.

तेच उदाहरण! पस्तीस वर्षांत बदललं नाही. घाईने घडी घालून कागद खिशात टाकला. का ते उद्या-परवा लिहीन.

शुक्रवार, ७ मार्च

रंगवून झालं. कंचेभागुबेव – प्रत्येक अक्षराला वेगळा रंग, शिरोरेषा एका दमात. स्वतःचं कौतुक करू नये, पण भिंत बोलायला लागली.

तेवढ्यात नव्या बाई आल्या. गणित आता त्या शिकवतात. वर्षच झालं असेल त्यांना इथे. उभ्या राहिल्या, बघितलं, म्हणाल्या, ‘काका, उत्तर चुकलंय तुमचं. सतरा पाहिजे.’

माझं! डोकंच फिरलं. खिशातून सरांचा कागद काढून समोर धरला. त्यांनी वाचला आणि तशाच ऑफिसात गेल्या. खिडकी उघडी होती. मी ब्रश धुवत होतो, जरा जास्तच वेळ.

सर – ‘बे आधी येतं, व नंतर येतं. अक्षरं वाचता येतात ना? आधी बेरीज. आठ आणि पाच तेरा. विसातून तेरा गेले, सात.’

बाई – ‘सर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत. डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. बारा, मग सतरा.’

‘तुमच्या जन्माआधीपासून शिकवतोय मी.’

‘हो सर. पण सतराच.’

बाई आवाज चढवत नाहीत. त्यानेच सर जास्त चिडले असावेत.

शनिवार, ८ मार्च

जेवताना बायकोला सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘बसमध्ये वीस जण. आठ उतरले, पाच चढले. सात कसे राहतील? बाकीचे काय खिडकीतून पडले?’

ताटातच बोटाने मांडून बघितलं. सतरा.

तर आता लिहूनच टाकतो. सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शाळेतून पाच जण बसवायचे होते. सरांनी चाचणी घेतली. मी सहावा आलो, एका गुणाने. हेच उदाहरण होतं, आणि मी सतरा लिहिलं होतं. सरांनी पेपर वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. ‘कंचेभागुबेव पाठ नाही, आणि म्हणे शिष्यवृत्तीला बसायचंय!’ सगळे हसले. सरांवर राग नव्हता तेव्हा. आपण ढ आहोत असं वाटलं, एवढंच. मग तसंच वाटत राहिलं. दहावीनंतर रंगाचे डबे.

म्हणजे बरोबर होतो मी. बायकोला म्हटलं. ती म्हणाली, ‘मग आता काय, सरांना उठाबशा काढायला लावणार?’

रविवार, ९ मार्च

मुलीला फोन केला. म्हटलं, वीस वजा आठ अधिक पाच किती गं? ‘सात, बाबा! तुम्हीच तर पाठ करून घेतलंत.’

सोमवार, १० मार्च

बाईंनी सांगून टाकलं, भिंत अशीच राहिली तर उद्घाटनाला त्यांचा वर्ग तिथे उभा राहणार नाही. ‘मुलांना काय सांगू? भिंतीवरचं खोटं आहे?’ सर म्हणाले, नका राहू उभ्या. शनिवारी समारंभ. जुने विद्यार्थी येणार, भिंतीचं उद्घाटन सरांच्या हातून. संस्थेचे चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘शनिवारपर्यंत सरांचं राहू दे. नंतर बघू.’ आणि वर – ‘तोवर फडकं टाका त्यावर.’

टाकलं. मुलं येता-जाता फडकं उचलून बघतात. एकाने खडूने खाली ‘१७’ लिहिलं, दुसऱ्याने ते खोडून ‘७’ केलं. आता तेही पुसायचं काम माझ्याकडे.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभर फडक्याखालच्या त्या साताकडे बघत बसलो. सातच्या आधी फक्त एक काढायचा. एक गाठ, एक शेपूट – झालं. जागा जरा कमी आहे, पण मला जमलं असतं. कोण काय म्हणणार होतं? बाई माझ्या बाजूने. गणित माझ्या बाजूने.

ब्रश भिजवला. पण शनिवारी सर फडकं ओढणार, चारशे लोकांसमोर, आणि खाली सतरा! त्या माणसाने माझं अक्षर ओळखलं होतं. ब्रश धुऊन घरी आलो. स्वतःचा राग आला, सरांचा आला, बसमधल्या त्या वीस जणांचाही आला.

बुधवार, १२ मार्च

सुचलं! सकाळी दात घासताना. कुणाला न विचारता गेलो आणि कंस घातला.

२० − (८ + ५) = ७.

दोन बाकदार रेघा नुसत्या. उत्तर तेच, उदाहरण बरोबर. बाईंना दाखवलं. हसल्या. ‘काका, आता बरोबर आहे. कंस आधी. वर्ग आणते मी.’ सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ‘चांगलं दिसतंय’ एवढंच म्हणाले.

सगळे खूश. चिटणीस तर माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

घरी येताना लक्षात आलं, या भिंतीवर आता माझं सतरा कायमचं चूक. आणि ते मी स्वतःच्या हाताने केलंय.

शनिवार, १५ मार्च

समारंभ झाला. फडकं नीट निघालं, टाळ्या झाल्या. पाचवाही आला होता – चाचणीत पाचवा आलेला, मोठा इंजिनियर आहे आता. भाषणात म्हणाला, ‘सरांच्या कंचेभागुबेवमुळे मी घडलो.’ मग सगळ्यांकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं. मीही म्हटलं. नंतर येऊन मिठी मारली मला. चांगला माणूस आहे. त्याचं काय चुकलं?

सर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत बसले. लोक म्हणाले, भरून आलं.

मंगळवार, १८ मार्च

सर दुकानात आले होते. आजवर कधी आले नव्हते. दवाखान्याची पाटी चालू होती. डबे सरकवून स्टूल दिलं.

‘कंस कुणी सांगितले तुला?’

‘कुणी नाही.’

‘म्हणजे तुला कळलंय.’

‘हो सर.’

मग म्हणाले, ‘त्या चाचणीत तुझं किती आलं होतं रे?’

‘सतरा.’

मान हलवली. त्यानंतर जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. ‘मला बारा वर्षांपूर्वी कळलं. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. तिथे या चुकीवर सगळे हसले म्हणून मीही हसलो, मला आधीच ठाऊक असल्यासारखा. परत आलो आणि फळ्यावर पुन्हा सातच लिहिलं. बदललं असतं, तर आधीच्या सगळ्यांना काय सांगणार होतो?’

माझ्या वेळी त्यांना ठाऊक नव्हतं, कबूल. माणूस आहे, चुकला. इतके दिवस मी हेच धरून बसलो होतो. पण बारा वर्षं! माझी मुलगी दहा वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात होती. तिने वहीत सतरा लिहिलं होतं, सरांनी लाल फुली मारली होती, आणि ती फुली बघून मी तिला ओरडलो होतो. रडेपर्यंत. पन्नास वेळा कंचेभागुबेव लिहून घेतलं. सरांना तेव्हा ठाऊक होतं!

राग आला. खूप आला. ब्रश ठेवला. म्हटलं, ‘सर, मला पाटी पुरी करायचीय.’ असं त्यांच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. ते उठले. चहा मागवला होता, तोही तसाच राहिला.

बुधवार, १९ मार्च

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, मला अजून आठवतं ते.’ माफी मागितली. पाटी आजही अर्धीच.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी शाळेवरून गेलो. भिंतीवरचे कंस कुणीतरी पात्याने खरवडलेत, खालची पुट्टीसुद्धा निघालीय. सातच्या आधी, बरोबरच्या चिन्हाला चिकटून, एक काढलाय. वाकडा. रंग जास्त घेतल्यामुळे खालपर्यंत ओघळलाय. शिपाई म्हणाला, काल दुपारी सर एकटेच आले होते, भर मधल्या सुट्टीत, सगळ्या मुलांसमोर. कुणाला हात लावू दिला नाही.

बाई म्हणाल्या, ‘काका, तेवढा आकडा जरा नीट करून द्या ना.’

मी नाही म्हटलं.